शोकाचा अधिकार : चेकॉव्हच्या ‘चेरीची बाग’ या नाटकातील धनी आणि चाकर

आंतोन चेकॉव्ह याचे ‘चेरीची बाग’ हे चार अंकी नाटक मॉस्को आर्ट थिएटरच्या रंगभूमीवर 17 जानेवारी 1904 रोजी, म्हणजे जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे लेखकाच्या वाढदिवशीच, प्रथम आले. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत लेखक क्षयाने निवर्तला. त्याने नाटकाला ‘सुखात्मिका’ म्हटले होते. दिग्दर्शक स्तानिस्लाव्स्की याला मात्र ते वाचताना रडू आले आणि ही शोकात्मिकाच आहे असे त्याने लेखकाला कळविले. तेव्हापासून हा वाद चालू आहे. नाटक हसावयाचे की रडावयाचे, या प्रश्नावर इतकी शाई खर्ची पडली आहे की त्याच्या आड दडलेला दुसरा, अधिक जवळचा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. या घरात दुःख नेमके कोणाचे आहे आणि ते दुःख म्हणून मानले कोणाचे जाते, हा तो प्रश्न होय.

नाटकाचे कथानक थोडक्यात सांगता येण्याजोगे आहे. ल्युबोव्ह राणेव्स्काया ही जमीनदारीण पाच वर्षे परदेशी राहून आपल्या वाडवडिलांच्या इस्टेटीवर परत येते. इस्टेट कर्जात बुडालेली असून 22 ऑगस्ट रोजी तिचा लिलाव व्हावयाचा आहे. एके काळच्या भूदासाचा नातू आणि आता धनाढ्य व्यापारी झालेला लोपाखिन हा बाग तोडून त्या जागेचे तुकडे बंगल्यांसाठी भाड्याने देण्याचा उपाय सुचवितो. राणेव्स्काया आणि तिचा भाऊ गायेव्ह यांना तो उपाय ग्राम्य वाटतो. ते काहीच करीत नाहीत. लिलाव होतो आणि इस्टेट लोपाखिनच विकत घेतो. घरातील माणसे निघून जातात, कुऱ्हाडीचे घाव ऐकू येऊ लागतात, आणि बंद केलेल्या घरात सत्त्याऐंशी वर्षांचा हुजऱ्या फीर्स एकटा विसरला जातो.

प्रचलित समीक्षेने या अखेरच्या दृश्याकडे बहुधा प्रतीक म्हणून पाहिले आहे. फीर्स म्हणजे गतकाल, फीर्स म्हणजे दास्याची अंगवळणी पडलेली वृत्ती, फीर्स म्हणजे जुना रशिया. असे अर्थ काढता येतात, नाही असे नाही. परंतु माणसाचे प्रतीक करून टाकणे ही त्याला विसरण्याचीच एक सभ्य रीत असते. घरातल्या माणसांनी फीर्सला कुलूपबंद घरात विसरावे आणि समीक्षकांनी त्याला प्रतीकात कुलूपबंद करावे, यात फार अंतर राहत नाही. चेकॉव्हने त्याला नाव, वय, आजार, औषध, पोशाख आणि मते असे सर्व काही दिले आहे. ते तपशील क्रमाने पाहिले तर नाटकाचा तोल थोडा वेगळा दिसू लागतो.

प्रथम मालकिणीच्या दुःखाकडे पाहावयास हवे, कारण ते खरे आहे आणि त्याची टवाळी करण्याचे कारण नाही. सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा वारला. त्यानंतर महिन्याभरात तिचा सात वर्षांचा मुलगा ग्रिशा याच इस्टेटीवरील नदीत बुडून मरण पावला. तिला ते सहन झाले नाही; मागे न पाहता ती देश सोडून गेली. परतल्यावर ग्रिशाचा शिक्षक त्रोफिमोव्ह समोर येतो तेव्हा ती त्याला कवटाळून रडते. मूल कशासाठी गेले, हा तिचा प्रश्न तेवढ्यापुरता सर्व घराला थांबवितो. मात्र या शोकाभोवती काय काय घडते तेही पाहिले पाहिजे. घरातील सर्वांना त्याची जाणीव आहे. त्रोफिमोव्हला पाहून तिची जखम उघडी पडेल, म्हणून त्याने एवढ्यात तिच्यापुढे जाऊ नये अशी वार्याची आणि आन्याची इच्छा असते. तिच्या दुःखासाठी प्रवास केला जातो, पैसा खर्च होतो, मांतों येथील बंगला घेतला जातो आणि कर्जापायी विकलाही जातो. श्रीमंत घरातील शोक ही अशी एक घटना असते, जिच्याभोवती इतरांचे दिनमान बेतले जाते.

आता याच पहिल्या अंकातील एक छोटासा प्रसंग. राणेव्स्काया घरी आल्याच्या आनंदात इकडून तिकडे फिरते आहे. ती पुस्तकांच्या जुन्या कपाटाचे चुंबन घेते, टेबलाला लाडाने हाक मारते. तेवढ्यात गायेव्ह सांगतो की ती परदेशी असताना दाई वारली. ती खाली बसते, कॉफी घेते, मृतात्म्यास सद्गती चिंतिते आणि आपल्याला पत्राने कळले होते असे सांगते. गायेव्ह लगेच आणखी एका नोकराच्या मृत्यूची वार्ता देतो आणि त्याच श्वासात तिसरा, तिरळा नोकर आपल्याला सोडून शहरात पोलीस अधिकाऱ्याकडे कामाला गेल्याचे सांगून खिशातून गोळ्यांचा डबा काढतो. दोन मृत्यू आणि एक नोकरी बदलणे ही तिन्ही एकाच यादीत बसतात. पुढे याच कपाटाला शंभर वर्षे झाली म्हणून गायेव्ह डोळ्यांत पाणी आणून भाषण करतो.

या जागी प्रेक्षक हसतो, आणि हसणे स्वाभाविक आहे. पण चेकॉव्हने कपाटाचे चुंबन आणि दाईची वार्ता ही पाठोपाठ ठेवली आहेत, हा योगायोग मानता येणार नाही. राणेव्स्काया दुष्ट नाही. उलट या नाटकात तिच्याइतके उदार हृदय दुसऱ्या कोणाचेच नाही. ज्या दाईने कदाचित तिला आणि तिच्या भावाला वाढविले असेल, तिच्या मृत्यूबद्दल तिला काही वाटले नसेल असेही नव्हे. एवढेच की त्या शोकाला या घरात बसण्यासाठी खुर्ची नाही. दाईच्या मृत्यूची वार्ता पत्राने कळते आणि पत्राबरोबरच तिचा निकाल लागतो. ग्रिशाचा शोक पाच वर्षांनंतरही ओला राहतो.

औदार्याचा उल्लेख आला म्हणून त्याचाही हिशेब पाहू जाता येतो. दुसऱ्या अंकात रस्त्याने जाणारा एक अनोळखी, झिंगलेला वाटसरू मदत मागतो. राणेव्स्कायाच्या पिशवीत चांदीचे नाणे सापडत नाही, म्हणून ती त्याला सोन्याचे देते. दत्तक मुलगी वार्या, जिच्या कमरेला घराच्या किल्ल्या असतात, कळवळून सांगते की घरी नोकरमाणसांना खावयास काही नाही आणि सोन्याचे नाणे असे दिले गेले. पहिल्या अंकाच्या शेवटी वार्याने आन्याला सांगितलेली हकीकत येथे आठवावी लागते. जुन्या चाकरांच्या राहण्याच्या जागेत आता केवळ म्हातारे नोकर उरले आहेत. त्यांची नावेही ती घेते. वार्या काटकसरीपायी त्यांना नुसत्या वाटाण्यांवर ठेवते अशी कुजबुज आहे आणि तिचा तिला संताप येतो. ते म्हातारे रंगभूमीवर एकदाही येत नाहीत. चौथ्या अंकात घर बंद होते तेव्हा त्यांचे काय झाले, हे कोणी विचारीत नाही आणि लेखकही सांगत नाही. वाटसरूला दिलेले सोने हे दातृत्व आहे. पोसलेल्या माणसाला वेळेवर अन्न देणे हे कर्तव्य आहे. खानदानी मनाला पहिले सहज जमते, कारण त्यात क्षणाची भावना पुरते. दुसऱ्यासाठी हिशेब ठेवावा लागतो.

चाकरांकडे वळताना एक ऐतिहासिक गोष्ट स्पष्ट केल्याविना फीर्सचे बोलणे नीट कळणार नाही. रशियातील भूदासांची मुक्तता झार दुसरा अलेक्झांडर याच्या 19 फेब्रुवारी 1861 च्या जाहीरनाम्याने झाली. खासगी जमीनदारांच्या मालकीचे दोन कोटींहून अधिक स्त्रीपुरुष त्यामुळे कायद्याने मोकळे झाले. परंतु सर्वांना मिळालेले स्वातंत्र्य सारखे नव्हते. शेत कसणाऱ्या कुळांना जमिनीचा वाटा मिळावयाचा होता, मग तो अपुरा असो आणि त्याचे मोल वर्षानुवर्षे हप्त्यांनी फेडावे लागो. घरात राबणारा जो शागिर्दपेशा होता, म्हणजे आचारी, मोतद्दार, हुजरे, दासी इत्यादी, त्यांना मात्र जमीन मिळाली नाही. दोन वर्षे पूर्ववत चाकरी करावयाची आणि मग मोकळे व्हावयाचे, अशी त्यांच्यासाठी तरतूद होती. मोकळे होऊन जावयाचे कोठे, याचे उत्तर कायद्यात नव्हते.

फीर्स हा या वर्गातला आहे. नाटकाचा काळ लेखनकालाच्या आसपासचा, म्हणजे 1903 च्या सुमारासचा मानला तर 1861 साली तो पंचेचाळिशीचा होता. मुक्ती आली तेव्हा आपण मुख्य हुजरे झालो होतो, ती मुक्ती आपण पत्करली नाही आणि मालकांकडेच राहिलो, असे तो दुसऱ्या अंकात सांगतो. सगळे आनंदले होते, पण कशासाठी आनंदले ते त्यांचे त्यांनाच ठाऊक नव्हते, असेही तो म्हणतो. थोड्या वेळाने दूरवर तुटलेल्या तारेसारखा तो प्रसिद्ध आवाज होतो, तेव्हा त्याला पूर्वीच्या एका अरिष्टाची आठवण होते. त्या वेळीही घुबड ओरडले होते, समोवार थांबल्यावाचून गुणगुणत होता. कोणते अरिष्ट, असे गायेव्ह विचारतो. मुक्तीचे, असे उत्तर येते.

या उत्तरावर अनेकांनी दास्यप्रेमाचा शिक्का मारला आहे. तो सर्वस्वी खोटा नाही. फीर्स हा नोकरांत वरच्या पायरीवर होता, त्याच्या हाताखाली माणसे होती. त्याच्या स्मृतीतले सुख सर्व भूदासांचे नव्हते. पूर्वी फार चांगले होते, निदान फटके तरी मिळत, असा उपरोधिक टोला लोपाखिन त्याला मारतो तो याचसाठी. आणि बहिऱ्या फीर्सला तो ऐकू न आल्यामुळे तो त्याला होकारच देऊन बसतो. तरीही ‘अरिष्ट’ हा शब्द त्याच्या बाजूने पाहिला तर त्यात मूर्खपणापेक्षा अधिक काही आढळते. कुळे मालकांशी बांधलेली होती, मालक कुळांशी बांधलेले होते, आता सारे सुटे सुटे झाले आहे, अशी त्याची तक्रार आहे. जमीन नसलेल्या, कुटुंब नसलेल्या, पंचेचाळीस वर्षांच्या घरगड्याला त्या जाहीरनाम्याने एक बंधन तोडून दिले आणि दुसरा कोणताही आधार दिला नाही. त्याने निवडलेली चाकरी हाच त्याच्या मते त्याचा करार होता, आणि तो एकाच बाजूने पाळला गेला, हे अखेरच्या अंकात दिसते. त्याने ज्याला अरिष्ट म्हटले ते बेचाळीस वर्षे उशिरा त्याच्या अंगावर येते.

फीर्सच्या शोकाची आणखी एक खूण चेकॉव्हने ठेवली आहे. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी चेरी वाळवीत, मुरवीत, गाडे भरभरून मॉस्कोला आणि खार्कोव्हला पाठवीत, त्याचा पैसा येई, असे तो पहिल्या अंकात बोलू लागतो. गायेव्ह त्याला गप्प करतो. राणेव्स्काया विचारते, आता ती कृती कोठे आहे? ती विसरली गेली, कोणालाच आठवत नाही, असे तो सांगतो. साऱ्या नाटकात बाग ही सौंदर्याची किंवा पापाची खूण म्हणून वर्णिली जाते. ती एक पीक होती, तिच्यामागे हात होते आणि कसब होते, हे सांगणारा फीर्स एकटाच आहे. त्रोफिमोव्ह आन्याला बजावतो की तिच्या पूर्वजांनी जिवंत माणसांवर मालकी गाजविली आणि बागेच्या प्रत्येक पानाआडून ती माणसे पाहत आहेत. हे भाषण थोर आहे यात शंका नाही. परंतु भूतकाळातील दासांच्या आत्म्यांविषयी इतके कळवळून बोलणारा हा विद्यार्थी त्याच घरातील हयात भूदासाकडे एकदाही वळून पाहत नाही. चौथ्या अंकात तो आपले हरवलेले रबरी जोडे शोधीत असतो.

इतर चाकरांबाबत थोडक्यात सांगितले तरी पुरे. तरुण हुजऱ्या याशा पॅरिसहून आला आहे आणि आता मायभूमी त्याला अडाणी वाटते. त्याची आई गावाहून येऊन आदल्या दिवसापासून नोकरांच्या खोलीत बसून राहिली आहे. तिला भेटावयाचे तो टाळतो. निघण्याच्या दिवशीही ती निरोप घेण्यासाठी येते आणि तो हात झटकतो. ती बाई प्रेक्षकांना शेवटपर्यंत दिसत नाही. दुन्याशाला लहानपणीच वाड्यात आणल्यामुळे तिचे हात मालकिणींसारखे मऊ झाले आहेत, मन त्याहून मऊ झाले आहे. मालकांच्या रडण्यामूर्च्छेची ती नक्कल करते आणि याशा सोडून जातो तेव्हा खरोखर रडते. नीट वागली असतीस तर रडावे लागले नसते, एवढे त्याचे सांत्वन. शिक्षिका शार्लोता हिच्याजवळ धड परवाना नाही, आपले वय तिला ठाऊक नाही, आईबापांचे लग्न झाले होते की नाही तेही माहीत नाही. आणि सर्वांना जादूचे खेळ करून दाखविणे हे तिचे काम. या तिघांची दुःखे हास्यास्पद रूपातच समोर येतात. खालच्या माणसाचे दुःख वरच्यांच्या घरात हास्यास्पद झाल्याशिवाय दृष्टीस पडत नाही, हे चेकॉव्हला नेमके ठाऊक होते. ‘सुखात्मिका’ या त्याच्या शब्दाचा एक अर्थ येथे सापडण्याचा संभव आहे.

फीर्स विसरला कसा जातो, हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरावा. तो विसरला जातो असे म्हणणे ढिलेपणाचे आहे, कारण त्याची आठवण एकाहून अधिक जणांना होते. तो आजारी आहे आणि त्याला रुग्णालयात पाठवावयाचे ठरले आहे. आन्या विचारते, त्याला पाठविले का? याशा सांगतो की सकाळी सांगितले होते, पाठविले असावे. आन्याचे समाधान होत नाही. ती येपिखोदोव्ह या कारकुनाला चौकशी करावयास सांगते. याशाला याचा राग येतो. येगोर नावाच्या नोकराला आपण सकाळीच सांगितल्यावर पुन्हा पुन्हा काय विचारावयाचे? येपिखोदोव्हचे मत असे पडते की म्हातारा आता दुरुस्तीपलीकडे गेला असून त्याने पूर्वजांकडे जाणेच बरे. एवढे बोलून तो एका पेटीखाली टोपीची खोकी चिरडतो आणि निघून जातो. मग दाराआडून वार्याचा प्रश्न येतो. फीर्सला नेले का? नेले, असे आन्याच आता खात्रीने सांगते. मग डॉक्टरांच्या नावची चिठ्ठी येथेच कशी राहिली, असे वार्या विचारते. मागाहून पाठवू, असे ठरते. शेवटी राणेव्स्काया सांगते की जाताना तिच्या मनाला दोन काळज्या आहेत आणि त्यांतली पहिली आजारी फीर्सची. आन्या तिला धीर देते. तो केव्हाच गेला, याशाने सकाळीच पाठविले.

याशाचे ‘असावे’ हे तीन तोंडांतून जाता जाता ‘केव्हाच गेला’ असे होऊन बसते. येथे कोणी खलपुरुष नाही. तिघींना काळजी आहे, तिघी विचारतात. पण विचारणे हीच त्यांच्या लेखी काळजीची परिसीमा आहे; उठून खोलीत जाऊन पाहणे हे काम चाकराकडून चाकराकडे जाते आणि ज्या येगोरपाशी ते थांबते तो नाटकात अवतरतच नाही. राहिलेली चिठ्ठी हा तर उघड पुरावा होता, रोग्याबरोबर जावयाची चिठ्ठी घरात असेल तर रोगी गेला कसा? वार्याने तो पुरावा हातात धरलेला असतो. तरीही त्याचा अर्थ कोणाच्या लक्षात येत नाही, कारण गाडीची वेळ झाली आहे. गंमत अशी की फीर्स हाच त्या घरातील असा माणूस होता, जो सांगितल्यावाचून पाहत असे. दुसऱ्या अंकात हवा दमट झाली म्हणून तो एक्कावन्न वर्षांच्या गायेव्हच्या मागे कोट घेऊन आला होता आणि सकाळी न सांगता बाहेर पडल्याबद्दल त्याला बोलला होता. तिसऱ्या अंकात नाचाच्या वेळी त्याचा चेहरा उतरलेला पाहून राणेव्स्काया त्याला जाऊन झोपावयास सांगते, तेव्हा तो खोचकपणे विचारतो की आपण झोपलो तर वाढणार कोण आणि व्यवस्था पाहणार कोण. त्याच अंकात तो सांगतो की जुने मालक सर्व रोगांवर मोहोर करावयाची लाख देत. ती तो वीस वर्षांहून अधिक काळ रोज घेतो आहे आणि कदाचित तिच्यामुळेच जिवंत आहे. पत्रावर शिक्का उठविण्याची लाख औषध म्हणून गिळणारा हा माणूस आणि न पोहोचलेली ती चिठ्ठी, या दोहोंमधील नाते कोणी काढावे की न काढावे, हा रुचीचा प्रश्न आहे.

बदलाची बाजू लोपाखिनकडे आहे. इस्टेट कर्जाव्यतिरिक्त नव्वद हजार रुबलांना घेऊन आलेला हा मनुष्य आनंदाने बेभान होतो. ज्या घराच्या स्वयंपाकघरातही त्याच्या बापाला आणि आज्याला प्रवेश नव्हता ते घर त्याचे झाले आहे. वार्या कमरेच्या किल्ल्या जमिनीवर फेकते आणि तो त्या उचलून घेतो. पण लगोलग तो राणेव्स्कायापुढे रडतो, आपले का ऐकले नाही म्हणून तिलाच दोष देतो. चाकराच्या वंशातून आलेला आणि मालक झालेला हा एकच पुरुष आहे, ज्याला दोन्ही बाजूंचे दुःख एकदम होते. येथे लेखकाच्या स्वतःच्या घराण्याचा इतिहास ध्यानात घ्यावा लागतो. चेकॉव्हचा आजा भूदास होता आणि त्याने 1841 साली, मुक्तीच्या वीस वर्षे आधी, पैसे भरून आपल्या कुटुंबाला मोकळे केले होते. लोपाखिन हा ओरडणारा धटिंगण नाही, तो सभ्य मनुष्य आहे, असे चेकॉव्ह आर्ट थिएटरच्या मंडळींना पत्रांतून बजावीत होता आणि ती भूमिका स्वतः स्तानिस्लाव्स्कीने करावी असे त्याला वाटत होते. स्तानिस्लाव्स्कीने गायेव्हची भूमिका घेतली. निवड नटाच्या दृष्टीने योग्य असेलही. पण त्यामुळे नाटकाचे वजन व्यापाऱ्याकडून जमीनदाराकडे सरकले, हे नाकारता येत नाही.

हे सरकणे तेथेच थांबले नाही. दुसऱ्या अंकाचा मूळचा शेवट आजच्यासारखा नव्हता. त्रोफिमोव्ह आणि आन्या नदीकडे गेल्यावर फीर्स आणि शार्लोता हे दोघेच रंगभूमीवर राहत आणि एकमेकांशी, किंवा चेकॉव्हच्या पद्धतीने एकमेकांशेजारी, बोलत. शार्लोता आपल्या बालपणाविषयी सांगे. फीर्स आपल्या तरुणपणातील एका खुनाच्या प्रकरणाची आणि त्यापायी भोगलेल्या तुरुंगाची अर्धीमुर्धी हकीकत सांगे. तरुणांच्या उत्साही प्रसंगानंतर हा भाग पडतो आणि अंक मंदावतो, असे दिग्दर्शकाला वाटले. तो काढून टाकण्याची त्याने विनंती केली. लेखक ती ऐकून व्यथित झाला आणि तरीही त्याने होकार दिला, असे स्तानिस्लाव्स्कीनेच आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. शार्लोताचे बालपण अंकाच्या आरंभी हलविण्यात आले. फीर्सचा तुरुंग कायमचा गेला.

रंगतंत्राच्या दृष्टीने दिग्दर्शक चुकला असे ठामपणे म्हणता येणार नाही. अंक तरुणांच्या चांदण्यातील स्वरावर संपणे परिणामकारक आहे. तथापि त्याची किंमत काय पडली ते उघड आहे. मालकांपैकी कोणी ऐकावयास नसताना दोन चाकर आपापल्या आयुष्याविषयी निवांतपणे बोलतात असा हाच एक प्रसंग नाटकात होता. उरलेल्या संहितेत फीर्सला मालकांच्या आठवणींखेरीज स्वतःची म्हणून आठवण जवळजवळ उरली नाही. पुढे समीक्षकांनी त्याला प्रतीक ठरविले, त्याचे बीज काही अंशी या काटछाटीत आहे. भूतकाळ नसलेला माणूस गतकालाचे प्रतीक होण्यास सोयीचा असतो.

मराठी वाचकाला या ठिकाणी महेश एलकुंचवार यांचे 1985 साली रंगभूमीवर आलेले ‘वाडा चिरेबंदी’ आठवल्यावाचून राहणार नाही. विदर्भातील देशपांड्यांच्या वाड्यात तात्याजींचा मृत्यू झाला आहे, तेरावे व्हावयाचे आहे, आणि शोक कितीचा करावयाचा, म्हणजे जेवणावळ केवढी घालावयाची, यावर घर दुभंगते. दोन्ही नाटकांची तुलना वास्तूच्या आणि ऱ्हासाच्या अंगाने नेहमी होते. चाकरांच्या अंगाने ती क्वचित होते, आणि तेथेच खरा भेद आहे. देशपांड्यांच्या वाड्यात गडीमाणसांचा राबता सरला आहे. फीर्सची जागा तेथे धाकटा भाऊ चंदू आणि घरातील बायका यांनी भरून काढली आहे. अबोल चंदू ओझी वाहतो, राबतो, त्याच्या पायाच्या जखमेकडे कोणाचे धड लक्ष नसते. ज्यांनी सेवा करावयाची आणि ज्यांच्या दुःखाला वेळ द्यावयाचा नाही, अशी माणसे बाहेरची उरली नाहीत तर ती घरातूनच निर्माण केली जातात. चेकॉव्हच्या वार्याकडे या दृष्टीने पाहिले तर तीही अर्धी तिकडचीच ठरते. दत्तक मुलगी म्हणून ती घरची आहे, किल्ल्या सांभाळणारी म्हणून चाकर आहे. लोपाखिन मागणी घालील या आशेवर सारे घर तिचे भवितव्य सोपवून मोकळे होते. तो घालीत नाही, आणि ती दुसऱ्या एका कुटुंबाकडे घर सांभाळण्याच्या नोकरीवर जाते.

राहता राहिला अखेरचा प्रसंग, आणि त्यातील एक शब्द. बाहेरून दारे बंद होतात, गाड्या निघतात, शांतता पसरते. नेहमीचा कोट आणि पांढरे जाकीट घातलेला फीर्स पायांत सपाता घालून येतो. दाराची मूठ फिरवून पाहतो. आपल्याला विसरले हे त्याला समजते, पण तो त्याचा फारसा विचार करीत नाही. गायेव्हने फरचा कोट न घालता साधाच घातला असेल, याची त्याला चिंता लागते. मग तो आडवा होतो, जगलोच नाही असे आयुष्य सरून गेले असे पुटपुटतो, आणि स्वतःलाच एक शिवी देतो. रशियन भाषेतील ‘नेदोत्योपा’ हा तो शब्द. धड न जमलेला, अर्ध्यावर राहिलेला माणूस अशी त्याची छटा आहे. भाषांतरकार या जागी कधी ‘मूर्ख’, कधी ‘निकामी’, कधी ‘दुबळा’ असा प्रसंगाला शोभेल तो शब्द योजतात आणि तेथेच अर्थ निसटतो. पहिल्या अंकात दुन्याशा साय आणावयास विसरते तेव्हा फीर्स तिला हेच म्हणतो. तिसऱ्या अंकात याशा त्याला लवकर मर म्हणतो, तेव्हा उत्तर म्हणून हाच शब्द येतो. त्याच अंकात राणेव्स्काया चिडून त्रोफिमोव्हला तो लावते आणि तो आपल्या फीर्सचा शब्द आहे हेही सांगते. साऱ्या घराने चाकराकडून घेतलेली ही एकच वस्तू आहे, जिचे देणे मालकीण मोकळेपणाने मान्य करते. मराठीत ‘अर्धवट’ हा शब्द चारही ठिकाणी चालू शकतो: दासीला, याशाला, त्रोफिमोव्हला, आणि अखेर सोफ्यावर निश्चल पडलेल्या त्या म्हाताऱ्याने स्वतःला उद्देशून म्हणताना. निदान भाषांतरकाराने चारही ठिकाणी एकच शब्द ठेवावा, कोणताही का असेना.